जांभळाची बी आणि मधुमेह : एका जुन्या विश्वासाचा इतिहास

जून उजाडला की सोलापुरात हातगाड्यांवर आणि पाट्यांमध्ये जांभळं दिसू लागतात. त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, जांभळाच्या बियांची पावडर चालू केली तर गोळ्या बंद करता येतील का?"

दोन वर्षांपूर्वी पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार आले होते. वय साठीच्या आसपास, बारा वर्षांचा मधुमेह. त्यांनी प्रश्न विचारलाच नव्हता, थेट गोळ्या बंद केल्या होत्या. तीन महिने रोज सकाळी चमचाभर पावडर पाण्यातून घेत होते. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरेना म्हणून ते आले. उपाशीपोटी साखर तीनशेच्या घरात होती. मी म्हणालो, "मामा, गोळ्या का सोडल्या?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जांभूळ काय आजचं औषध आहे का? आपल्या पूर्वजांनी खोटं सांगितलं असंल का?"

त्यांचं म्हणणं मला उडवून लावावंसं वाटलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. जांभळाला मधुमेहाचं औषध कोणी म्हटलं, कधी म्हटलं आणि पुढे काय झालं, हे नीट सांगितलं तरच रुग्णाला पटतं. म्हणून आजचा लेख जांभळाच्या इतिहासावर.

सदाहरित जंगलातलं झाड

आपण सोलापूरकर जांभूळ पाहतो ते ओढ्याकाठी, विहिरीजवळ किंवा रस्त्याच्या कडेला. पण या झाडाचा खरा थाट पाहायचा तर सह्याद्रीत जावं लागतं. महाबळेश्वरच्या सदाहरित जंगलात पिसा, अंजनी आणि जांभूळ ही मुख्य झाडं. ढगात बुडालेल्या त्या रानात जांभूळ वर्षभर हिरवं राहतं. लवंग, पेरू आणि निलगिरी हे त्याचे वनस्पतिशास्त्रातले भाऊबंद.

आपल्या संस्कृतीत तर या झाडाचं नाव अख्ख्या भूभागाला मिळालं आहे. पूजेच्या संकल्पात गुरुजी जंबुद्वीप म्हणतात, तो जांभळाचाच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधायच्या खुणा दिल्या आहेत, त्यातही जांभूळ आहे. पाण्याची चणचण असलेल्या आपल्या जिल्ह्याला ही खूण वेगळी समजावून सांगायला नको.

ग्रंथांत नेमकं काय आहे?

चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहाचे गट केले आहेत. त्यातल्या 'मूत्रसंग्रहणीय' गटात, म्हणजे लघवीचं प्रमाण कमी करणाऱ्या द्रव्यांत, जांभूळ आहे. आंबा, वड, उंबर, पिंपळ हीही त्याच यादीत आहेत. सुश्रुतसंहितेतल्या न्यग्रोधादि गणातही जांभूळ येतं. बहुतेक द्रव्यं तुरट आहेत.

मधुमेह त्या वैद्यांना चांगला माहीत होता. लघवी मधासारखी गोड होते आणि तिला मुंग्या लागतात, हे त्यांनी टिपलं होतं. सुश्रुताने तर दोन प्रकार सांगितले, एक जन्मजात आणि दुसरा चुकीच्या आहारविहारातून होणारा. पहिल्यात रोगी कृश, दुसऱ्यात स्थूल. आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी हे ढोबळमानाने जुळतं. इतक्या जुन्या काळी केवळ निरीक्षणाच्या जोरावर हे ओळखणं ही थोर गोष्ट आहे.

पण एक मुद्दा लक्षात ठेवा. त्यांना दिसत होती ती लघवी. रक्तातली साखर मोजायचं साधन जगात कुठेच नव्हतं. पुढची सगळी गोष्ट याच मुद्द्याभोवती फिरते.

मुंबई-मद्रासहून युरोपात

गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात जांभळाचा उल्लेख आहे. मधुमेहाचं औषध म्हणून युरोपने जांभळाकडे पाहिलं ते मात्र तीनशे वर्षांनंतर.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आलेले इंग्रज डॉक्टर इथल्या औषधींची नोंद ठेवू लागले. मुंबईत विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर मोठं काम केलं आणि पुढे दोन सहकाऱ्यांसह 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. १८८३च्या सुमारास मद्रासहून बातमी गेली की जांभळाच्या बियांनी मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होते. थोड्याच वर्षांत बियांची पावडर आणि अर्क युरोपातल्या औषध दुकानांत विकला जाऊ लागला.

त्या काळी मधुमेही रुग्णाची अवस्था काय होती हे आज कल्पनेतही येणार नाही. टाइप १ झालेलं मूल काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत जायचं. डॉक्टरांच्या हाती होता तो फक्त आहार, तोही उपासमारीजवळ जाणारा. अफूसुद्धा दिली जायची. अशा वेळी भारतातून आलेली बी म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. लोकांनी ती धरली यात त्यांचं काही चुकलं नाही.

१८८९ : दोन शहरं, दोन प्रयोग

१८८९ साली जर्मनीतल्या बॉन शहरात ग्रेझर या डॉक्टरांनी जांभळाच्या अर्काची कुत्र्यांवर चाचणी केली. कुत्र्यांना मधुमेह आणायचा कसा? त्यासाठी फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वापरलं. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेलं हे द्रव्य दिलं की लघवीत भरपूर साखर उतरते, हे फोन मेरिंग यांनी १८८६ साली दाखवलं होतं. ग्रेझर यांनी या कुत्र्यांना जांभळाचा अर्क दिला आणि लघवीतली साखर बरीच घटल्याचं त्यांना आढळलं. जांभळाच्या पाठीशी जणू विज्ञान उभं राहिलं.

त्याच वर्षी स्ट्रासबुर्ग शहरात हेच फोन मेरिंग आणि त्यांचे सहकारी मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला सारखी लघवी होऊ लागली आणि तपासल्यावर तिच्यात साखर सापडली. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे प्रथमच सिद्ध झालं.

दोन्हीकडच्या कुत्र्यांच्या लघवीत साखर होती. पण खरा मधुमेह झाला होता तो स्ट्रासबुर्गच्या कुत्र्याला. बॉनच्या कुत्र्यांना मधुमेह नव्हताच!

हे कसं, ते सोपं करून सांगतो. आपलं मूत्रपिंड रक्त गाळतं तेव्हा साखरही गाळली जाते, पण ती वाया जाऊ नये म्हणून मूत्रपिंड ती परत रक्तात ओढून घेतं. मधुमेहात रक्तात साखर इतकी वाढते की परत ओढणं पुरं पडत नाही आणि ती लघवीत सांडते. टाकी भरून वाहावी तसं. फ्लोरिझिन वेगळंच करतं. ते साखर परत ओढायचं काम बंद पाडतं. म्हणजे टाकी भरलेलीच नाही, तिला खालून भोक पडलं आहे. पाणी दोन्ही वेळा जमिनीवर दिसतं, पण कारणं अगदी उलट.

त्यामुळे बॉनच्या कुत्र्यांची लघवीतली साखर घटली, यावरून माणसाच्या मधुमेहाबद्दल काहीच ठरत नव्हतं. रुग्णांचं पाहायला गेलं तर त्यांना पावडरीबरोबर कडक पथ्यही असायचं. साखर उतरली तर श्रेय पथ्याचं की बीचं, हे वेगळं काढणं अवघड होतं. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांची मोजपट्टीच अपुरी होती.

टोरोंटोतला मुलगा

स्ट्रासबुर्गचा धागा पुढे गेला तो कॅनडात. १९२१ साली टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क तयार केला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही. २३ जानेवारीला शुद्ध अर्क दिला आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. पुढे तेरा वर्षं तो जगला.

इन्सुलिन आल्यावर युरोपातून जांभळाची बी जवळपास दिसेनाशी झाली. आपल्याकडे मात्र ती राहिली, कारण इथे ती परदेशी अर्क नव्हती, अंगणातलं झाड होती.

आज विज्ञान काय म्हणतं?

बियांमध्ये तुरट टॅनिन, गॅलिक आणि इलॅजिक आम्ल आहेत. पिष्टमय पदार्थांची साखर करणाऱ्या आतड्यातल्या पाचक रसाला बियांचा अर्क काही अंशी अडवतो, असं परीक्षानळीत दिसतं. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत साखर उतरलेलीही आहे. म्हणजे बीमध्ये काहीच नाही असं नव्हे.

पण परीक्षानळी आणि उंदीर वेगळे, माणूस वेगळा. ब्राझीलमध्ये मधुमेहासाठी जांभळाच्या पानांचा काढा फार लोकप्रिय आहे. तिथल्या संशोधकांनी तो माणसांवर काटेकोरपणे तपासला, खरा काढा कुणाला आणि नकली कुणाला हे रुग्णाला वा डॉक्टरला न सांगता. साखर उतरली नाही. पानं म्हणजे बी नव्हे, हे खरं. पण बियांबाबतही गोळ्या किंवा इन्सुलिन सोडून भागेल असं दाखवणारा भक्कम पुरावा आजवर आलेला नाही. बियांची किती पावडर, किती दिवस, कोणत्या रुग्णाला, हेही ठरलेलं नाही.

आता या गोष्टीतला सर्वात गमतीचा भाग. ज्या फ्लोरिझिनने बॉनच्या कुत्र्यांच्या बाबतीत घोटाळा केला, त्याच द्रव्याकडे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञ परत वळले. मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकता येते, तर तेच औषध का होऊ नये? मूळ फ्लोरिझिन आतड्यात मोडून जातं, म्हणून त्याची रचना बदलली. त्यातून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. डापाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२ साली मान्यता मिळाली. २०२०मध्ये भारतातलं पेटंट संपल्यावर किंमत एकदम खाली आली आणि आज माझे कित्येक रुग्ण ती गोळी घेतात. हृदय आणि मूत्रपिंडालाही तिचा फायदा होतो. (ही गोळी मनाने सुरू करू नका. ती सगळ्यांना चालत नाही.)

म्हणजे झाडापासून औषध येत नाही, असं माझं म्हणणं अजिबात नाही. सफरचंदाच्या सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं लागली, कारण प्रत्येक पायरीवर कुणीतरी मोजून पाहिलं. जांभळाच्या बीबाबत तेवढं मोजणं अजून व्हायचं आहे.

मग आपण काय करायचं?

• जांभूळ फळ म्हणून जरूर खा. शंभर ग्रॅम जांभळांत साधारण ६० कॅलरी आणि १४-१५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे साखर त्यातही आहेच. आठ-दहा जांभळं एका वेळी पुरेत. मीठ अगदी चिमूटभर.

• जांभळाचा तयार रस किंवा सरबत घेताना बाटलीवर घातलेली साखर किती, ते वाचा.

• बियांची पावडर घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावणार नाही. तुमच्या गोळ्यांचा हिशोब मांडताना ती माहिती हवी असते.

• "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून सुटी विकली जाणारी, लेबल नसलेली पावडर घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये कधीकधी साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथिक गोळ्याच कुटून घातलेल्या सापडतात. साखर अचानक फार उतरली तर जिवावर बेततं.

• ज्या मुलांना टाइप १ मधुमेह आहे त्यांचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. काही दिवसांतच जिवाला धोका होतो. १९२२च्या आधी काय व्हायचं ते वर वाचलंतच.

• कोणताही उपाय लागू पडतोय का, हे 'बरं वाटतंय' यावरून ठरवू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासा, दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. जुन्या वैद्यांकडे हे नव्हतं, आपल्याकडे आहे.

त्या मामांना मी त्या दिवशी हेच सांगितलं. पूर्वजांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. आपल्याला त्यांच्यापेक्षा थोडं जास्त दिसतंय, तर डोळे मिटून कशाला बसायचं? अंगठ्याची जखम भरायला दोन महिने लागले. बोट वाचलं. आता ते गोळ्या वेळेवर घेतात आणि जूनमध्ये येताना माझ्यासाठी कागदात बांधलेली जांभळं आणतात. आम्ही दोघंही खातो, मोजून.