बुडणारं पेडल आणि चामड्याचा कप

गेल्या रविवारी सिग्नलला उभा होतो. ब्रेकवर पाय, आणि पेडल हळूहळू खाली जायला लागलं. थेट तळापर्यंत! बाबांची जुनी गाडी. बाबा शेजारून म्हणाले, "अरे, ऑइल कमी झालं असेल." घरी येऊन बघितलं तर ऑइलची डबी काठोकाठ भरलेली, आणि चारही ड्रम कोरडे ठणठणीत.

मग गळतंय कुठे? याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे.

पूर्वी गाड्यांचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढायचे. चारही चाकांना सारखा जोर मिळणं महाकठीण. कोंडलेल्या द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलेलं. ते ब्रेकला लावलं अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने (विमानवाल्या अ‍ॅलनचा भाऊ). १९२१ मध्ये ड्यूझेनबर्गच्या मॉडेल ए मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. पण आतले कप चामड्याचे, ते गळायचे. क्रायस्लरने १९२४ च्या गाडीसाठी हेच ब्रेक घेतले, तेव्हा त्यांच्या इंजिनियरांनी तिथे रबरी कप बसवले. म्हणजे तत्त्व पास्कलचं, पण भरवसा रबराचा!

तोच कप आजही मास्टर सिलेंडरमध्ये बसलेला असतो. दाब आला की त्याची कड भिंतीला घट्ट चिकटते. कड फाटली की ऑइल तिच्या बाजूने मागे सरकतं आणि परत डबीत जातं. म्हणून पातळी उतरत नाही, पेडल मात्र बुडतं. पातळी उतरली तर गळती बाहेर, पेडल स्पंजासारखं लागलं तर लायनीत हवा. आमचं दुखणं आतलंच होतं.

आणि कड फाडली कोणी? बहुतेक मीच. मागच्या महिन्यात ऑइल बदलून हवा काढताना मी पेडल तळापर्यंत दाबत होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याने सिलेंडरच्या खालच्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज धरतो. कप नेमका त्यावर घासला.

अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं, म्हणजे एक गेलं तरी दोन चाकं थांबतात. आमच्या गाडीत एकच सर्किट. कप गेला की चारही चाकं गेली. हाच प्रकार सिग्नलऐवजी घाटात झाला असता तर?

बाबा म्हणाले, "नुसतं किट टाकू, स्वस्तात होईल." मी सिलेंडर खोलून आतल्या भिंतीवर त्यांचं बोट फिरवलं. खड्डे हाताला लागत होते. असल्या भिंतीवर नवा कप किती दिवस टिकणार?

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अख्खा सिलेंडरच आण."