दिनविशेष : १९ मार्च – पालवणकर बाळू यांचा जन्म (१८७६)

महाड-पोलादपूरकरांना ही तारीख ठाऊक आहे ती १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेमुळे. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी ५१ वर्षे, याच तारखेला धारवाडला एका चर्मकार कुटुंबात डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू जन्मले. हे घराणे मूळचे कोकणातलेच.

पुण्यात युरोपियनांच्या क्लबात बाळू खेळपट्टीची निगा राखत आणि तिथले इंग्रज फलंदाज ग्रेगसाहेब यांना तासन्‌तास गोलंदाजी करत. तिथेच त्यांच्या फिरकीला धार आली. बॅट मात्र कोणी हाती दिली नाही. हा अन्याय विसरता येत नाही, कारण एका संभाव्य अष्टपैलूची अर्धी बाजू तिथेच अडली. पुढे हिंदू संघाने त्यांना खेळवले, पण चहा द्यायचा तो मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात!

भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काउंटी संघांसह सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. १९२३ मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.