मिलफर्ड ट्रॅक

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एक विख्यात पदभ्रमणमार्ग. लांबी ५३.५ किमी. बेटाच्या नैर्ऋत्येस असलेल्या फ्योर्डलँड या पर्वतमय प्रदेशात टे आनाऊ सरोवराच्या उत्तर टोकापासून मिलफर्ड साउंड या फ्योर्डपर्यंत तो जातो. क्लिंटन व आर्थर या नद्यांच्या खोऱ्यांना मॅकिनन खिंड (उंची सु. १,१५० मी.) जोडते. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सु. ६,८०० मिमी. पाऊस पडतो, त्यामुळे खोऱ्यांत सदाहरित बीच वृक्ष, नेचे व शेवाळी यांची दाट समशीतोष्ण वर्षावने आढळतात.

टांगीवाई या अर्धपारदर्शक हिरव्या दगडाच्या शोधार्थ माओरी लोक या वाटेने पूर्वापार ये-जा करीत. यूरोपीयांच्या लेखी मात्र मार्गाचा ‘शोध’ एकोणिसाव्या शतकातला. मिलफर्ड साउंड येथे १८७७ पासून राहणाऱ्या डॉनल्ड सदरलँडला १८८० मध्ये ५८० मी. उंचीचा, तीन टप्प्यांत कोसळणारा धबधबा आढळला. त्यास त्याचेच नाव मिळाले. १८८८ मध्ये क्विंटन मॅकिनन व अर्नेस्ट मिचेल यांनी खिंड ओलांडून सरोवर व समुद्र यांना जोडणारा मार्ग निश्चित केला. मॅकिनन पुढे प्रवाशांचा वाटाड्या झाला; १८९२ मध्ये टे आनाऊ सरोवरात त्याचा अंत झाला.

१९०८ मध्ये ब्लांच बॉअन या कवयित्रीचा लेख लंडनच्या स्पेक्टेटर साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्यावर ‘जगातील सर्वोत्कृष्ट पदभ्रमण’ ही मार्गाची ख्याती दूरवर पसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी शासनाच्या पर्यटन खात्याने व्यवस्था हाती घेतली होती. मात्र पुढे कित्येक दशके शुल्क भरून वाटाड्यासह जाणाऱ्यांनाच येथे प्रवास करता येई. प्रदेश सार्वजनिक आणि वाट मात्र पैसेवाल्यांची, ही विसंगती पदभ्रमण मंडळांना, विशेषतः ओटागो येथील मंडळाला, सलू लागली. १९६०–७० या दशकात त्याच्या सदस्यांनी वाटाड्याविना मार्ग चालून निषेध नोंदविला. परिणामी स्वतंत्र प्रवाशांसाठी निराळे निवारे बांधण्यात आले.

हा भाग १९५२ मध्ये स्थापन झालेल्या फ्योर्डलँड राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १९८६ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. उन्हाळी हंगामात रोज ४० स्वतंत्र व ५० वाटाड्यांसह जाणारे प्रवासी एकाच दिशेने सोडण्यात येतात. स्वतंत्र प्रवाशाचा हक्क मान्य झाला असला, तरी वनाच्या रक्षणार्थ त्याला संख्येची मर्यादा पाळावी लागते.