यकृताची प्रथिने आणि पितळी पातेले : एका बालरोगाचा इतिहास

यकृत प्रथिने तयार करते ती काही स्वतःसाठी, काही रक्तासाठी. प्रौढ यकृत रक्तास रोज सुमारे १० ते १२ ग्रॅम अल्ब्युमिन पुरविते. रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिनेही तेथेच घडतात. तांब्याच्या बाबतीत ही विभागणी विशेष स्पष्ट दिसते. मेटॅलोथायोनिन हे प्रथिन यकृतपेशीतच राहून जादा तांबे बांधून ठेवते, तर सेरुलोप्लाझ्मिन तांबे घेऊन रक्तात उतरते. उरलेले तांबे पित्तावाटे बाहेर पडते. नवजात अर्भकाच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन कमी असते आणि पित्तावाटे होणारे उत्सर्जनही अपुरे असते. त्यामुळे सारी भिस्त पेशीतील साठ्यावर राहते.

या शरीरक्रियेचा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी संबंध आला तो स्वयंपाकघरातून. पनवेल असो वा पुणे, स्टेनलेस स्टील रुळण्यापूर्वी तांब्या-पितळेची भांडी घरोघरी होती. आईच्या दुधात तांबे अल्प असते. परंतु कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात तापवून ठेवलेल्या गाई-म्हशीच्या दुधात ते उतरते व केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाते.

'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' हा रोग प्रामुख्याने एक ते तीन वर्षांच्या मुलांना होई. यकृत कठीण होई, कावीळ व जलोदर होऊन मूल बहुधा काही महिन्यांत दगावे. एकाच घरातील भावंडे आजारी पडत, म्हणून आनुवंशिकतेचा संशय बळावे. स्वयंपाकघरही सर्व भावंडांचे एकच असते, हे मात्र बराच काळ ध्यानात आले नाही.

१९७८ मध्ये लंडनच्या संशोधकांना अशा यकृतांत ऑर्सीन रंगद्रव्याने रंगणारे, तांब्याशी निगडित प्रथिनाचे कण आढळले. पुढे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी पातेल्याचा माग काढला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही मीमांसा प्रसिद्ध झाली. १९८७ मध्ये रुग्ण व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना आली. याच वर्षी पेनिसिलामाइनने, उपचार लवकर सुरू झाल्यास, काही मुले वाचू शकतात असेही दिसून आले. विल्सन रोगात सेरुलोप्लाझ्मिन सहसा घटते. येथे ते प्राकृत वा वाढलेले असे. म्हणजे रक्ताकडे जाणारे काम चालूच होते, साठा मात्र पेशींना पेलवत नव्हता.

पितळी भांडी मागे पडली आणि रोग दुर्मीळ झाला. त्याचे श्रेय डॉक्टरांच्या सल्ल्याला किती व स्टीलच्या बाजाराला किती, हे सांगणे कठीण आहे. पातेले वापरणाऱ्या सर्वच घरांत मुले आजारी पडली नाहीत, हा आक्षेपही रास्त होता. १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातील १९०० ते १९७४ या काळातील १३८ बालकांचा असाच वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यांत तापत असे, आणि आनुवंशिक प्रवणतेची खूणही तेथील घराण्यांत आढळली.