वरुणतीर्थ, रावणेश्वर आणि आपला फुटबॉल

परवा जोराचा पाऊस झाला आणि गांधी मैदानाचे फोटो परत मोबाईलवर फिरायला लागले. मैदानभर पाणी आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "कोल्हापूरचं नवीन तळं". मी पण हसलो. मग लक्षात आलं, ते तळं नवीन कुठलं, जुनंच आहे.

शिवाजी पेठेतली माणसं वरुणतीर्थ वेस असा पत्ता रोज सांगतात. त्यातलं वरुणतीर्थ म्हणजे एक तळं होतं. ते बुजवलं आणि तिथं जे झालं ते आजचं गांधी मैदान. पाऊस पडला की आजूबाजूच्या चढावरचं पाणी आपल्या जुन्या वाटेनं खाली येतं. पाण्याला काय माहीत की तळ्याचं मैदान झालंय?

आता शाहू स्टेडियमकडे चला. शेजारी साठमारी, जिथं संस्थानच्या काळात हत्तींचे खेळ व्हायचे. जवळच रावणेश्वराचं देऊळ. स्टेडियमची जागा म्हणजे रावणेश्वर तळं. ज्या हिरवळीवर आपण पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी यांचे सामने घसा बसेपर्यंत ओरडत बघितले, तिथं एकेकाळी पाणी होतं. पेटाळा मैदानही तसंच. रंकाळा, पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा, पेटाळा ही नावं एका दमात म्हणून बघा, शेवटी तळंच ऐकू येतं. त्यातला रंकाळा तेवढा पाण्यासकट उरला. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली.

तळी बुजवली म्हणून जुन्या लोकांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. नळाचं पाणी घरात आल्यावर गावातल्या तळ्यांकडे कोण बघणार? पाणी कुजणार, डास होणार, घाण होणार. बुजवणं त्या वेळच्या माणसांना शहाणपणाचं वाटलं असणार. उलट मी म्हणेन, त्यातल्या काही जागांवर इमारती उभ्या न करता त्या मोकळ्या ठेवल्या, म्हणून तर आपला फुटबॉल जगला. एवढ्या दाट वस्तीच्या पेठांच्या मधोमध एवढी मोठी सपाट जागा दुसरी कुठून आली असती?

आणि फुटबॉल इथं रुजला तो तालमीत. बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही. क्लबच्या नावात तालीम कशी, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. पेठेपेठेत तालीम होतीच. तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. तिथं गणपती बसतो, पंजा बसतो, भांडणं मिटतात, भांडणं सुरूही होतात. पुढं त्याच पोरांनी फुटबॉल हातात, म्हणजे पायात घेतला आणि कुस्तीची इर्षा तशीच्या तशी या खेळात आली. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली. केएसए म्हटलं की इथं कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. छत्रपती घराण्याचा आधार तेव्हापासून आजपर्यंत या खेळाला आहे.

एक गंमत सांगतो. जगभर क्लबचं स्वतःचं होम ग्राउंड असतं. आपल्याकडे सगळ्यांचं घर एकच. ए डिव्हिजनला १६ संघ, मैदान शाहू स्टेडियम. प्रत्येक सामना दोघांच्याही घरात. म्हणून तर गॅलरीतली जागा इतकी महत्त्वाची. लहानपणी मला वडील ज्या बाजूला बसवायचे, त्या बाजूला मी आजही बसतो. एकदा कॉलेजच्या मित्राबरोबर पलीकडे बसलो होतो. आपल्या पेठेचा गोल झाला, सवयीनं उठून ओरडलो आणि मग मान खाली घालून मध्यंतरापर्यंत शेंगा खात बसलो.

हंगाम साधारण डिसेंबर ते जून. पुढं पाऊस, मैदान बंद. आणि खरा प्रश्न तिथंच आहे. सामने स्टेडियमवर होतात, पण खेळाडू स्टेडियमवर घडत नाही. तो गांधी मैदानावर, पेटाळ्यावर, दुधाळीला घडतो. पहाटे साडेपाचला उठून, दोघांत एक बूट असला तरी. मी स्वतः बी टीमच्या वर कधी गेलो नाही, पण जेवढं शिकलो ते गांधी मैदानावर. त्या मैदानावर कधी प्रदर्शन, कधी सभा. मांडव उतरला की खिळे आणि खड्डे आमच्यासाठी. त्यात पावसाळाभर पाणी, पाणी ओसरलं की चिखल, चिखल वाळला की दगडासारखी ढेकळं. म्हणजे सरावाचे हातात किती महिने राहिले, तुम्हीच मोजा.

२०१७ ला भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. गावानं डोक्यावर घेतलं, घ्यायलाच पाहिजे होतं. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. मेस्सी आणि नेमारचे दोन मजली कटआउट आपण चौकात उभे करतो, वर्गणी एका रात्रीत जमते. नाद आहे, त्याला माझी ना नाही, मी पण पावती फाडलीय. पण पोरांना पळायला वर्षभर कोरडी जमीन पाहिजे, त्याची वर्गणी कुणी मागत नाही.

मैदानाच्या दुरुस्तीची चर्चा दर पावसाळ्यात होते. वरून मुरूम टाका, गटार खोल करा. माझं म्हणणं एवढंच की आधी हे तळं होतं असं धरून मोजणी करा. पाणी कुठल्या कुठल्या बाजूनं आत यायचं, भरलं की कुठून बाहेर जायचं, त्या वाटेवर आज काय बांधलंय, हे कागदावर मांडा. वाट नसेल तर करून द्या. वरून कितीही माती ओतली तरी खोलगट भाग आसपासच्या गल्ल्यांचं पाणी ओढणारच, आणि मैदान उंच केलं तर तेच पाणी लोकांच्या घरात शिरेल.

हे जुन्या नकाशांत मिळेलच. पण त्याआधी आपल्या घरात विचारा. रावणेश्वराचं तळं आपल्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी असतील. ज्यांच्या घरात अशी आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी जरा शेजारी बसून विचारावं की पाणी कुठवर यायचं, पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या, पोरं पोहायला कुठून उडी मारायची. एखादा जुना फोटो ट्रंकेत असेल तर मोबाईलवर काढून मला पाठवा. पेटाळ्याचा असेल तर आधी पाठवा.