तळटीप : घोडाझरीची सहल
१७. घोडाझरी : नागभीड तालुक्यातला ब्रिटिशकालीन सिंचन तलाव. सहलीला तलावाचा काठच. मोत्या कुत्र्याला मोकळा सोडून तिथे शिदोरी खायची, ही लेखकाच्या लहानपणची चैन आता उरलेली नाही. २०१८ मध्ये भोवतालचे सुमारे १५९ चौ. किमी जंगल अभयारण्य झाले, आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. अडचण नुसत्या भुंकण्याची नव्हे. कुत्र्यांचा डिस्टेंपर वाघ-बिबट्यांनाही होतो. त्याच वर्षी गीरमधल्या मेलेल्या सिंहांत हा विषाणू सापडला होता. बिबट्याला तर कुत्रा म्हणजे आयती शिकार. दिवेलागणीला मोत्या लेखकाच्या पायांत घुटमळू लागला, तो काही लाडाने नसावा. — संपा.