मोठ्या अक्षराविना पूर्णविराम

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हे गाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली येथे झाला. मराठीत आपण त्यांचे नाव 'चिं. द्वा. देशमुख' असे लिहितो. या दोन टिंबांपाशी वाक्य संपत नाही, हे वाचकाला कसे कळते? प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही.

इंग्रजीत टिंब एकटे नसते. पूर्णविरामाने, प्रश्नचिन्हाने वा उद्गारचिन्हाने वाक्य संपले, की पुढला शब्द मोठ्या अक्षराने उघडतो. स्वल्पविराम व अर्धविराम यांच्यापुढे तो लहानच राहतो. विशेषनामांची गोष्ट वेगळी, त्यामुळे देशमुखांच्या आद्याक्षरांपाशी इंग्रजी वाचकही संदर्भावरच विसंबतो. परंतु 'आंबे, काजू, फणस इ. पावसापूर्वी उतरवतात' अशा वाक्यात 'इ.' पुढचे लहान अक्षर त्याला थांबू देत नाही. देवनागरीला लहानमोठी अक्षरे नाहीत, म्हणून मराठी वाचकाला ही खूण मिळत नाही.

मग जुना मराठी वाचक काय करी? नात्यापासून जवळच असलेल्या रायगडावरून शिवकाळात जी पत्रे निघाली, त्यांची लिपी मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायचे. विरामचिन्हे नव्हती, पण सीमा होत्या. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने मिटते. 'ऐसीजे', 'जाणिजे' असे ठरीव शब्द मजकुराचे टप्पे सांगत. आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब उमटे. एका वाक्याचा नव्हे, अवघ्या पत्राचा पूर्णविराम! इंग्रजी वाक्य आरंभी डोके उंच करते, मराठी वाक्य शेवटी पाऊल टेकते, असे आम्हांस वाटते. मोठ्या अक्षराची उणीव आपल्याला फारशी का जाणवली नाही, याचे कारण याच वाक्यरचनेत असावे.

'दर्पण' १८३२ साली निघाले तेव्हा इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला जाई. दोन लेखनपद्धती एकाच पानावर आल्या. पुढे मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली, आणि मराठीत ही चिन्हे रुळवण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. हिंदीने दंड राखला. मराठी गद्याने पुढे टिंब पत्करले. हा सौदा आम्हांला थोडा अर्धवट वाटतो. टिंब आले, त्याचे जोडीदार मोठे अक्षर येऊ शकले नाही, आणि संक्षेपाचे कामही त्याच टिंबावर पडले. हिंदीत निदान या दोन कामांना दोन चिन्हे राहिली. असे असले तरी अर्धविरामावाचून 'निबंधमाले'तील लांब पल्ल्याची वाक्ये आम्हांला कल्पिताही येत नाहीत.

अपूर्णविरामाची कथा तर गमतीची. त्याच्यापुढे मोठे अक्षर घालावे की नाही, यावर इंग्रजीतच एकमत नाही: ब्रिटिश वळण सहसा लहान अक्षराचे, तर अमेरिकेतील काही लेखनसंहिता पुढे पूर्ण वाक्य असल्यास मोठे अक्षर मागतात. मराठीत हा वाद संभवत नाही, पण तेथे ही दोन टिंबे विसर्गासारखी दिसतात. म्हणून कित्येक जण त्यांच्यापुढे आडवी रेघ ओढून विसर्गाचा संशय फेडतात.

खरी अडचण भाषांतरात येते, कारण इंग्रजीत मोठे अक्षर नुसते वाक्याचे दार नसते, ते अर्थही वाहते. गांधीजींची आत्मकथा मूळ गुजरातीत, आणि गुजराती लिपीतही लहानमोठी अक्षरे नाहीत. महादेव देसाईंच्या इंग्रजी अनुवादात मात्र 'सत्य' या शब्दाला कित्येक ठिकाणी मोठे अक्षर लाभले. म्हणजे कोणते सत्य ईश्वराच्या पंक्तीला बसवायचे आणि कोणते व्यवहारातले खरेखोटे, हा निर्णय इंग्रजीत येताना घ्यावाच लागला.

नात्याच्या देशमुखांनी पुढे गांधीवचने संस्कृत श्लोकांत बांधली. 'गांधीसूक्तिमुक्तावली' हा तो संग्रह. तेथे सत्याला मोठे अक्षर नाही. श्लोकार्धाला एक दंड, श्लोकान्ती दोन. आणि कोणते सत्य, हे समासाने, विशेषणाने किंवा वाचकाच्या संस्काराने ठरायचे.